गंगथडीनं सहा दिवस: मदतनिधीसाठी सामूहिक पदयात्रा कशी आखायची

मराठवाड्याला समुद्र नाही, पण गंगथडी, म्हणजे गोदावरीचा काठ, आहे. जायकवाडीच्या खाली गोदावरी छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड या तीन जिल्ह्यांच्या शिवा लावत पूर्वेला जाते. पैठणहून निघून माजलगाव तालुक्यातल्या मांजरथला, म्हणजे सिंदफणा नदी जिथं गोदावरीला मिळते तिथं संपणारी सहा दिवसांची वाट निधीच्या पदयात्रेला चांगली. वळणं, ओढ्यांचे फेरे धरून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर पडतं. नक्की आकडा पाहणीनंतरच हाती येतो, आधी पत्रकात छापू नका.

चालायचं कसं, मुक्काम कसा टाकायचा, शंभर माणसांची पंगत कशी उठवायची हे इथल्या दिंडीवाल्यांना कुणी शिकवायला नको. उलट आखणीच्या पहिल्या बैठकीला गावातला एखादा जुना दिंडीवाला बोलवाच. पण निधीची पदयात्रा आणि दिंडी यांत दोन फरक आहेत. दिंडीतला माणूस वर्षभर शेतात चाललेला असतो, तुमच्या यादीतले निम्मे वर्षभर खुर्चीत बसलेले असतात. आणि दिंडीचा हिशोब आपसात असतो, इथला हिशोब अनोळखी देणगीदाराला दाखवायचा असतो. पदयात्रा बिघडते ती याच दोन ठिकाणी, तळपायात आणि पावतीपुस्तकात. बाकीच्या चुका निभावून नेता येतात.

आधी आकडा, मग रस्ता

‘शिक्षणासाठी मदत’ असं सांगून कुणी खिशात हात घालत नाही. ‘शाळेच्या दोन खोल्यांवर नवे पत्रे, साडेतीन लाख रुपये’ असं सांगितलं की माणूस विचारतो, किती कमी पडतायत? काम एकच ठेवा, त्याचं कोटेशन आधी घ्या आणि तोच आकडा सगळीकडे सांगा.

गोळा करणारी संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर उत्तम. तशी नसेल आणि मित्रमंडळींनीच निधी उभा करायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते, गणेश मंडळं वर्गणीसाठी काढतात तीच. ज्या न्यासाला पैसे द्यायचे त्यालाच सोबत घेऊन थेट त्याच्या खात्यावर निधी घेणं सगळ्यात सोपं. कुणा कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड एक दिवससुद्धा वापरू नका, नंतर कितीही प्रामाणिकपणे पैसे वळते केले तरी संशय पुसला जात नाही.

देणगीदाराला आयकर सवलत हवी असेल तर न्यासाकडे ८०जी नोंदणी लागते, देणगीदाराचा पॅन लागतो आणि रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली की त्या देणगीवर सवलत मिळत नाही. पावती फाडणाऱ्याला हे तोंडपाठ हवं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांनी पैसे पाठवतो म्हटलं तर न्यासाची परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आहे का ते बघा. नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

‘किलोमीटरमागे पाच रुपये देतो’ ही पद्धत ऐकायला गोड आहे, वसुलीला कडू. चालून झाल्यावर फोन उचलले जात नाहीत. म्हणून प्रत्येक चालणाऱ्यानं आपल्या देणगीदारांकडून पूर्ण रक्कम निघायच्या आधीच घ्यावी. शेवटपर्यंत चालता आलं नाही तर पैसे परत मिळणार नाहीत हेही तेव्हाच सांगून ठेवावं.

खर्च देणगीतून नाही

यावर तडजोड नको. देणगीतला एक रुपयाही चहाला किंवा डिझेलला जाता कामा नये. चालणाऱ्यांनी आपला खर्च आपण भरायचा. ४० जणांचा ढोबळ हिशोब असा बसतो: जेवण-नाश्ता माणशी दिवसाला २०० रुपये धरले तर सहा दिवसांचे ४८,००० रुपये. पिकअप, डिझेल आणि चालक मिळून दिवसाला ३,५०० रुपये, आदल्या दिवसासह सात दिवसांचे २४,५०० रुपये. पाण्याचे जार, औषधं, गट अपघात विमा, मुक्कामाच्या जागेची सफाई आणि वीज यांना १५,००० रुपये. एकूण ८७,५०० रुपये, म्हणजे माणशी जवळपास २,२०० रुपये. प्रवेशशुल्क २,५०० रुपये ठेवा, उरलेले अडीअडचणीला राहतात. तुमच्या भागातले दर विचारून आकडे बदला, पण हे कोष्टक बदलू नका. ज्याला शुल्क परवडत नाही अशा कॉलेजच्या पोरासाठी वेगळा प्रायोजक शोधा. तोही पैसा खर्चाच्या वहीत, निधीच्या नाही.

तारीख

डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. त्याआधी काळ्या रानातल्या गाडीवाटा वाळलेल्या नसतात. एक अवकाळी सर आली की बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि तासाला चार किलोमीटरचे दोन होतात. फेब्रुवारी सरत आला की दुपारचं ऊन अंगावर येतं. या दिवसांत सूर्य उगवायला सात वाजतात आणि सहाच्या सुमारास मावळतं, म्हणजे हाताशी साधारण अकरा तास उजेड. संक्रांतीचे दोन-तीन दिवस टाळा, बायका येणार नाहीत आणि त्यांच्याशिवाय निघू नये. निवडणुकीची आचारसंहिता कधी लागणार याचीही चौकशी करा.

वाटेची पाहणी दोनदा

नकाशावर नदीकाठानं एक बारीक रेघ दिसते. प्रत्यक्षात ती रेघ दर दोन-तीन किलोमीटरवर तुटते. पैठणच्या खाली गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी असे एकापाठोपाठ उच्च पातळी बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांत पाणी अडवलं की फुगवटा बाजूच्या ओढ्यांत शिरतो आणि मे महिन्यात जिथून बैलगाडी जाते तिथं जानेवारीत छातीभर पाणी असतं. मग ओढ्याच्या कडेनं वर चढून रस्त्यावरच्या पुलावरून फिरून यावं लागतं. असा एक फेरा सहज दोन-तीन किलोमीटर खातो. दिवसाला असे दोन फेरे धरले नाहीत तर मुक्कामाला पोचता पोचता दुपार टळते.

पहिली पाहणी दोन महिने आधी मोटारसायकलवर करा: गावं, मुक्कामाच्या जागा, दवाखाने, जार मिळण्याची ठिकाणं. दुसरी तीन आठवडे आधी, पायी, तिघांनी, मोबाइलवर वाट नोंदवत. ही टाळली तर पहिली वाया जाते. प्रत्येक ओढ्यापाशी रानातल्या माणसाला विचारा, आणि ‘रस्ता आहे का’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘हाय की’ असंच येतं, कारण तो त्याच्यासाठी आहे. ‘चाळीस माणसं, बायाबापड्या, पाय न भिजवता पलीकडं जातील का’ असं विचारा.

बांधावरून जायचं असेल तर शेतकऱ्याला आधी सांगून ठेवा. हरभरा, गहू उभा असताना चाळीस जणांनी बांध सोडून पाच फूट आत पाय टाकला तर भांडण ठरलेलं, आणि त्यात चूक तुमचीच असते.

काठ कोणता धरायचा? डाव्या काठानं गेलात तर आपेगाव लागतं, ज्ञानेश्वरांचं गाव. पुढं शहागडला धुळे-सोलापूर महामार्गाच्या पुलावरून उजव्या काठाला यायचं. पैठणहूनच उजवा काठ धरला तर गेवराई तालुक्यातलं पांचाळेश्वर आणि शनीचं राक्षसभुवन वाटेत घेता येतं, १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं ते हेच राक्षसभुवन. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही डावा काठ सुचवू. देवळं बघायला जायचं असेल तर मुक्कामाला पोचल्यावर गाडीनं जा, पण दिवसाच्या अंतरात देवदर्शनाचा फाटा घुसवू नका.

कालव्याच्या भरावावरची सपाट वाट मोह घालते. जायकवाडीच्या अस्तरीकरण केलेल्या कालव्यात आवर्तन सुटलेलं असताना माणूस घसरला तर शेवाळलेल्या उतारावरून त्याला वर येता येत नाही. गेलातच तर पाण्याकडची बाजू सोडून एका रांगेत.

पाहणीनंतर टप्पे ठरवा. १४, २०, २३, १६, २४, २० किलोमीटर असा क्रम चांगला बसतो. पहिला दिवस मुद्दाम लहान, कारण निघताना नारळ फोडण्यात, भाषणात दोन तास जातात. चौथा लहान, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे फोड त्या दिवशी सुकवायचे असतात.

कागद

मार्ग तीन जिल्ह्यांना लागून जातो, म्हणून एका ठाण्याच्या पत्रावर भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला पंधरा दिवस आधी पत्र द्या: दिनांक, मार्ग, माणसांची संख्या, मुक्कामाची गावं, दोन जबाबदार माणसांचे मोबाइल. पोच घ्या, सहीशिक्क्याची प्रत पिकअपमध्ये ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा जमावबंदी आदेश चालू आहे का हे तीनही जिल्ह्यांत विचारा. भोंगा लावू नका, एक परवानगी वाचते आणि गावाचे कानही. बंधाऱ्यावरून पलीकडे जायचा बेत असेल तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी हवी, ती नसेल तर बंधारा दुरून बघायचा. गेवराई, अंबड, माजलगाव इथली रुग्णालयं कोणत्या टप्प्याला जवळ पडतात ते लिहून काढा. तिथं फोन करून सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का हे विचारा. १०८ ला फोन केल्यावर जागा सांगता यावी म्हणून प्रत्येक तासाच्या थांब्याला जवळच्या गावाचं नाव मोठ्यानं सांगायची सवय लावा.

पाय

आठ आठवडे आधीपासून चालायला लागा. आठवड्यातून तीन दिवस पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी लांब: ८, १०, १२ असं वाढवत १८ पर्यंत. शेवटच्या तीन आठवड्यांत शनिवार-रविवार लागोपाठ १५-१५ चाला. एक दिवस वीस किलोमीटर कुणीही चालतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा चालणं हीच खरी परीक्षा. जो लागोपाठचे हे दोन दिवस करत नाही त्याला यादीत घेऊ नका, पिकअपमध्ये बसून येणारा माणूस दुसऱ्याची जागा अडवतो.

बूट निघायच्या आधी किमान शंभर किलोमीटर चाललेला असावा. विकत घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजा घालून पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात, म्हणून सिंथेटिक किंवा लोकरमिश्र मोजांचे तीन जोड घ्या. जो माणूस जन्मभर चपलेवर चालला आहे त्याला मात्र बूट घ्यायला लावू नका. त्याचे पाय चपलेला सरावलेले असतात, बुटात त्यांची वाट लागते.

गंगथडीच्या वाटेवर तीन शत्रू आहेत. सराटा: वाळलेल्या गाडीवाटेवर पसरलेला, पातळ चपलेतून सरळ आत. वेड्या बाभळीचा काटा: बोटभर लांब, बुटाचा तळ आणि पिकअपचा टायर दोन्ही फोडतो, गाडीला दोन स्टेपनी ठेवा. आणि कुसळ: हिवाळ्यात गवत वाळलं की मोजात घुसतं, टोचत राहतं, माणूस खाजवत राहतो आणि संध्याकाळपर्यंत घोटा लाल होतो. जुन्या मोजाचा पाय कापून घोट्यावर चढवला की कुसळ आत जात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनी निघायच्या आधी घेतलेलं असावं.

फोडाचं गणित साधं आहे. उष्णता, ओल आणि घर्षण यांपैकी एक जरी तोडलं तरी फोड थांबतो. पायात एका जागी चुरचुर सुरू झाली की तिथंच थांबायचं, पुढच्या थांब्यापर्यंत नाही. सगळे याच ठिकाणी चुकतात: मागं पडायला लाज वाटते, माणूस अर्धा तास दात खाऊन चालतो आणि मग उरलेले तीन दिवस लंगडतो. बूट काढा, पाय पुसून कोरडा करा, लाल जागेवर मायक्रोपोर म्हणून मिळणारी कागदी पट्टी सुरकुती न पाडता चिकटवा, पट्टीचे कोपरे गोल कापा म्हणजे उचलत नाहीत, मोजा बदला. चार मिनिटांचं काम.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका, भोवती पट्टीचं कडं करा. मोठा, ठणकणारा, पाय टेकू न देणारा असेल तर साबणानं हात धुऊन, जागा पोव्हिडोन आयोडीननं पुसून, पाकिटातली नवी निर्जंतुक सुई फोडाच्या कडेला, खालच्या बाजूनं टोचा. दाबून पाणी काढा, पण वरची कातडी ओढून काढू नका, ती फुकटची पट्टी आहे. वर मलमपट्टी. दुसऱ्या दिवशी पू, लाल रेघ किंवा ताप दिसला तर चालणं बंद, दवाखाना. शुगर असलेल्यांच्या फोडाला हात लावायचा नाही, थेट डॉक्टर. त्यांनी अनवाणी एक पाऊलही टाकू नये, वाळूतसुद्धा नाही.

मुक्कामाला पोचल्यावर तासाभरात पायतपासणी. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांनी ओळीनं पाय सोडून बसायचं. दोन टबांत कोमट पाणी, एक चिमटा, एक बॅटरी, एक वही. धुतलेला पाय आधी पूर्ण कोरडा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग तपासणारा अंगठ्यानं टाच, चवडा, करंगळीची बाहेरची कड दाबत जातो, कुणी ‘स्स’ केलं की तिथं बॅटरी. सराट्याचं मोडलेलं टोक कातडीखाली काळ्या ठिपक्यासारखं दिसतं, ते त्याच दिवशी निघालं पाहिजे. वहीत नाव, पाय डावा की उजवा, काय केलं. मांड्या घासत असतील तर सकाळी निघतानाच पेट्रोलियम जेली, लाजायचं कारण नाही. चालता यावं म्हणून सकाळी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी मात्र कुणालाही देऊ नका, अंगात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर येते.

दिवस कसा चालतो

पावणेपाचला उठणं, साडेपाचला चहा, सव्वासहाला मोजणी करून कूच. तासाला चार किलोमीटर हा गटाचा वेग, त्यातही दर तासाला दहा मिनिटं थांबा आणि नऊ वाजता नाश्त्याला चाळीस मिनिटं. वीस किलोमीटरला सात तास लागतात, एक-दीडला मुक्काम. दुपारी चालण्याचा बेतच करू नका.

चाळीसांच्या चार तुकड्या पाडा, प्रत्येकी दहा. पुढं झेंडेकरी, त्याच्या पुढं कुणीही जायचं नाही. सगळ्यात मागं एक दमदार माणूस, त्याच्या मागं कुणीही राहायचं नाही. वेग मागच्यानं ठरवायचा. दोघांकडे शिट्टी आणि चालू मोबाइल. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि थांब्यावरून उठताना एक-दोन-तीन असं मोठ्यानं म्हणवा. डोकी मोजली की हमखास चुकतात, आवाज मोजला की चुकत नाही. वाटेत शौचाला जाणाऱ्यानं आपली पिशवी वाटेवर ठेवून जायचं. पिशवी दिसली की मागचा माणूस थांबतो.

डांबरी रस्त्यावर उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, एका रांगेत. हे गाळपाचे दिवस असतात. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर येतो, चालकाचा टेप एवढ्या आवाजात असतो की त्याला शिट्टी ऐकू येत नाही. मागची ट्रॉली खड्ड्यात झोके घेते आणि बाहेर लोंबलेलं उसाचं टिपरू तोंडाच्या उंचीला असतं. ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून खाली उतरायचं, कडेला चिकटून उभं राहायचं नाही. पुढच्या आणि मागच्या माणसाला चमकणारं जॅकेट हवंच. शहागडचा पूल तुकडीतुकडीनं ओलांडा, पुलावर फोटो नको.

पाणी आणि जेवण

हिवाळ्यातही माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी धरा: ४० जणांना १६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ जार. अंगावर एक लिटर, बाकी पिकअपमध्ये. नदीचं पाणी पिऊ नका. ओआरएसचं पाकीट एका लिटरचं असेल तर पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला, अर्ध्या ग्लासात घट्ट करून पिणारे उलट्या करतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

चाळीस कप चहाला दोन लिटर दूध, दोन लिटर पाणी, ४०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम पत्ती. नाश्त्याला पोहे तीन किलो, किंवा सुशीला करायची तर दोन किलो मुरमुरे. मुरमुरे भिजवून लगेच पिळा आणि गरम खायला द्या, थांबली की लगदा होतो. वाटेत खायला माणशी मूठभर गूळ-शेंगदाणे: दिवसाला सव्वा किलो शेंगदाणे, पाऊण किलो गूळ. दुपारसाठी धपाटे बरे, मऊ राहतात आणि सोबत दही किंवा ठेचा असला की बास. रात्री खिचडीला चार किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ.

भाकरीच्या नादात मात्र स्वयंपाकाची टीम मोडते. ४० जणांना दोन-दोन म्हणजे ८० भाकरी, आठ किलो ज्वारीचं पीठ. दोन चुली पेटवल्या तरी दोन तास, तेही सरावाच्या हातांनी. मुक्कामाच्या गावातल्या महिला बचत गटाला आदल्या दिवशी आकडा कळवा, नगाला ठरलेले पैसे द्या, पावती घ्या.

गाव जेवण घालतो म्हणणारच. नाही म्हटलं तर राग येतो, हो म्हटलं तर तुमची खिचडी वाया जाते. म्हणून पाहणीच्या वेळीच सरपंचांना सांगा: एक वेळ तुमच्या गावाची, कोणती ते आज ठरवू. ती पंगत वस्तुरूप देणगी म्हणून वहीत गावाच्या नावानं लिहा. काही घरांतून पायलीभर ज्वारी, डाळ येते. ताणकाट्यावर वजन करून नोंदवा, स्वयंपाकाला वापरली तर तिच्या बाजारभावाएवढी रक्कम खर्चाच्या पैशातून निधीत जमा करा.

मुक्काम

जिल्हा परिषदेची शाळा, मंगल कार्यालय किंवा मंदिराचा सभामंडप. शाळेसाठी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत तिघांनाही विचारा, एकाच्या होकारावर गेलात तर कुलूप दिसतं. शाळा भरायच्या आत वर्ग झाडून परत द्यायचे, त्यामुळे शाळेचे मुक्काम सुट्टीला जुळतील असं बघा. बायकांना आतून कडी लागणारी वेगळी खोली आणि त्यांची स्वतंत्र प्रमुख. दहा जणांमागे एक शौचालय नसेल तर शेजारच्या घरांशी आधी बोलून ठेवा. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. फरशीवर सतरंजी, तिच्यावर रग, पांघरायला दुसरा रग.

पाणी, वायर, मोहोळ

घाट सोडून नदीत कुणीही उतरायचं नाही. वाळू उपशानं पात्रात खड्डे पडलेले असतात. गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल पुरुषभर खोलात जातं आणि वरून काही कळत नाही. काठावर उपशाच्या मोटारींच्या ओळी असतात, जमिनीवरून गेलेल्या केबलींना जागोजाग जोड दिलेले. ओल्या जमिनीवरची केबल ओलांडा, तिच्यावर पाय देऊ नका आणि स्टार्टरच्या पेटीला टेकू नका. पुलाखाली, वडावर, जुन्या देवळाच्या शिखराला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. तिथं धूर, अत्तर, ड्रोन, फटाके काही नको. उठलंच तर डोकं-तोंड झाकून पळत लांब जायचं, पाण्यात उडी मारायची नाही. उसाच्या फडात अंधारात एकट्यानं जाऊ नये, बिबट्या या भागात नवा नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं बंद. अंगठी-पैंजण काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, वेळ लिहा, लस असलेलं रुग्णालय गाठा. कुत्रं चावलं तर साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस.

पेटी आणि वही

वाटेत मिळणारी रोकड एकाच पेटीत, दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, त्यातली एक बाई असावी. पावतीपुस्तकं छापील क्रमांकाची, कुणाला कोणतं पुस्तक दिलं त्याची सही. खराब झालेली पावती फाडून फेकायची नाही, ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायची. संध्याकाळी सातला सर्वांसमोर मोजणी: नोटा प्रकारानुसार, दोघांच्या सह्या, कागदाचा फोटो गटावर. पैसे पुढच्या मोठ्या गावात बँकेत भरा. दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार आधीच बघून ठेवा, नाहीतर रोकड दोन रात्री शाळेत सांभाळत बसावं लागतं. क्यूआर कोडचा फलक रोज सकाळी स्वतः एक रुपया पाठवून तपासा. वर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल तर समोर येणाऱ्या नावावरून लगेच कळतं.

मांजरथला पोचलं की समारोप लगेच उरका, भाषणं तीन, प्रत्येकी पाच मिनिटं. परतीच्या गाड्या माजलगावहून सुटतात, तिथपर्यंतची सोय आधी सांगून ठेवा. थकलेल्या माणसांना मोटारसायकलवर घरी पाठवू नका, डुलकी लागते. पंधरा दिवसांत एका पानाचा हिशोब तयार करा: जमा निधी, पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत, रद्द किती, वस्तुरूप काय, खर्च कुठल्या पैशातून, न्यासाच्या खात्यात भरल्याची तारीख. त्याच्या प्रती मुक्काम केलेल्या पाचही गावांच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर स्वतः जाऊन लावा, टपालानं पाठवलेला कागद टेबलाच्या खणात राहतो.